फिर्गजेची भाषा आणि ख्रिस्तपुराणाचे वाचन

मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला फादर थॉमस स्टीफन्स ठाऊक असतात ते पाच-सहा ओव्यांपुरते. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्या ओव्या शाळेच्या पुस्तकात येतात, भाषादिनाच्या फलकावर येतात, भाषणाच्या आरंभी येतात. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेचे कौतुक केले याचे आपल्याला अप्रूप वाटते आणि पुराण तिथेच मिटते. बाकीच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या कुणासाठी रचल्या, त्या कुठे बसून कुणी कुणाला ऐकवायच्या होत्या, हा प्रश्न वर्गात फारसा निघत नाही. मी सासष्टीत बरीच वर्षे हा ग्रंथ शिकवला. ख्रिस्तपुराण समजायचे तर आधी गोव्यातली फिर्गज समजली पाहिजे, असे माझे त्यावरून झालेले मत आहे. ते इथे मांडतो.

फिर्गज हा शब्द पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आला. एका इगर्जीच्या कक्षेतले वाडे, तिथली घरे आणि त्या घरांतली माणसे मिळून फिर्गज होते. वसईकडचे मराठी कॅथलिक हिला ‘धर्मग्राम’ म्हणतात, आणि तो शब्दही चांगला नेमका आहे, कारण तिच्यात धर्म आहे तितकाच गाव आहे. फिर्गजेचा मुख्य धर्मगुरू तो विगार, म्हणजे पाद्र-विगार. मूल जन्मले की त्याचे नाव इगर्जीच्या वहीत चढते, काजाराची नोंद तिथे होते, मयताची घंटा तिथे वाजते. गोव्यात कितीतरी कुटुंबांना आपल्या पणजोबांचा ठावठिकाणा लागतो तो याच वह्यांतून.

आता पुराणाकडे वळू. त्याची सुरुवातच एका फिर्गजेत होते. रविवारची दुपार आहे, सासष्टीतल्या एका इगर्जीत मुलांची दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, चालू आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच वाचायला दुसरी का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचा सगळा ग्रंथ येतो. पाद्री सांगतो, ऐकणारे मधूनच शंका विचारतात, पाद्री उत्तर देतो. आपल्याकडच्या पुराणिकाच्या पद्धतीची ही मांडणी आहे. पहिल्या पुराणात छत्तीस ‘अवस्वरू’, दुसऱ्यात एकोणसाठ. अध्यायाला हा शब्द स्टीफन्स यांनी वापरला.

त्या ब्राह्मणाचा प्रश्न साधा नाही, आणि तो वर्गात घाईने ओलांडू नये असे मी नेहमी म्हणत आलो. सासष्टीतली देवळे १५६६-६७च्या सुमारास मोडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रूज महालात गेले, ते आजही म्हार्दोळ-कवळ्याच्या परिसरात आहेत. देवाबरोबर काही माणसे गेली, काही जमिनीपाशी राहिली. जी राहिली त्यांची कीर्तने, पुराणे, जागर, सगळे गेले. रविवारच्या दुपारी इगर्जीत बसलेल्या त्या माणसाच्या तोंडी स्टीफन्स यांनी जो प्रश्न घातला आहे त्याच्यामागे ही रिकामी जागा आहे. तो सिद्धान्ताविषयी काही विचारत नाही; संध्याकाळी एकत्र बसून काय ऐकायचे, एवढेच विचारतो. मिशनऱ्याने लिहिलेल्या ग्रंथात हा प्रश्न इतक्या उघडपणे यावा, यात मला त्या माणसाचे मोठेपण दिसते आणि त्या काळाची क्रूरताही दिसते. दोहोंपैकी एक सोडून दुसरे सांगणे मला जमलेले नाही.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले आणि १६१९ साली वारले. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे ते इथेच होते, त्यातली बहुतेक सासष्टीत. ते आले तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. नाथांनी देह ठेवला १५९९ साली. हे दोन कालखंड एकावर एक ठेवून पाहिले की ख्रिस्तपुराणातली मराठी एकाएकी आभाळातून पडल्यासारखी वाटत नाही. ‘भावार्थ’ हा शब्द घ्या. ज्ञानेश्वरांच्या टीकेचे नाव भावार्थदीपिका, नाथांचे रामायण भावार्थ रामायण. स्टीफन्स श्रद्धावंतांना ‘भावार्थी’ म्हणतात. आणि आज सासष्टीतल्या कुठल्याही इगर्जीत श्रद्धेला कोकणीत ‘भावार्थ’ म्हणतात. आपल्याकडे तो शब्द ‘आशय’ एवढ्या अर्थाला उतरला, कवितेखाली भावार्थ लिहा म्हणून परीक्षेत विचारण्यापुरता. श्रद्धेचा अर्थ फिर्गजेने सांभाळून ठेवला.

असे शब्द एक-दोन नाहीत. ‘नमान मोरिये’ या प्रार्थनेतले ‘नमान’ म्हणजे आपले नमन. ‘कुर्पा’ म्हणजे कृपा. मुक्तिदात्याला ‘सोडवणदार’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकून एकाही मराठी माणसाला अर्थ विचारावा लागणार नाही. आभार मानायला ‘देव बरें करूं’. मरियेला ‘सायबीण’ आणि सेंट फ्रान्सिस झेवियरना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. सायब आधी घरात होता, मग इगर्जीत गेला. हे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांकडून आलेला शब्दांचा मोठा ढीग: इगर्ज, कोपेल, फेस्त, पुर्सांव, लादीन, तेर्स, आल्तार, बेसांव. या ढिगात एक गंमत आहे, ती व्याकरण शिकवताना फार उपयोगी पडते. पापनिवेदन ते ‘कुमसार’, ख्रिस्तप्रसाद घेणे ते ‘कुमगार’, लग्न ते ‘काजार’, प्रार्थना ती ‘रेझार’. हे चारही शब्द मुळात पोर्तुगीज क्रियापदांची धातुरूपे आहेत: कोंफेसार, कोमुंगार, काझार, रेझार. ऐकणाऱ्याने अख्खे क्रियापद उचलले, त्याचे नाम केले आणि पुढे आपले ‘करप’, ‘जावप’ जोडले. आपण आज ‘डिलीट करणे’, ‘अपलोड करणे’ म्हणतो ते अगदी याच रीतीने. चारशे वर्षांपूर्वी एका शेतकरी समाजाने ही युक्ती वापरली, तेव्हा कुणी भाषाशुद्धीची समिती नेमली नव्हती.

आता कुठली गोष्ट आपल्या शब्दाने सांगायची आणि कुठली परका शब्द ठेवून, हा निर्णय स्टीफन्सनाही करावा लागला. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, देवाला परमेश्वर, स्वामी म्हणतात. पण बाप्तिस्मा, क्रूस, पवित्र आत्मा अशा ठिकाणी ते मूळ शब्दाच्या जवळ राहतात, कारण तिथे जुना शब्द वापरला तर जुना अर्थही बरोबर येईल ही धास्ती. पुढे लंडनच्या मार्सडन संग्रहात या पुराणाचे एक नागरी हस्तलिखित सापडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्टिन ॲबट यांनी ते उजेडात आणले. त्यात अनेक जागी पोर्तुगीज-लॅटिन शब्द काढून संस्कृत शब्द बसवलेले आहेत. एकच ओवी दोन्ही पाठांत शेजारी ठेवून मुलांना दाखवावी. कोणता शब्द कुणाच्या कानाला धार्मिक वाटतो, हा वाद तिथे प्रत्यक्ष दिसतो.

हा वाद संपलेला नाही. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात १५३४ साली गेली आणि तिचा कारभार गोव्यातून चाले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली, तरी तिथले कॅथलिक मराठीभाषक आपल्या इगर्ज्यांसह तिथेच राहिले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, तेव्हा गोव्यात लॅटिन मिस्सेची जागा कोकणीने घेतली आणि वसईत मराठीने. वसईच्या मराठीने धर्मगुरू, धर्मग्राम, धर्मप्रांत असे शब्द वापरात आणले. तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल लिहिले, आणि २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. गोव्याची फिर्गज मात्र कुमसार-कुमगारवर थांबली आणि तिला ते परके वाटेनासे झाले. वसईचा शब्द वाचायला स्वच्छ आहे, गोव्याचा शब्द तोंडात बसलेला आहे. मला व्यक्तिशः दुसरा जास्त आवडतो, पण मी वसईत वाढलो असतो तर कदाचित उलट म्हणालो असतो.

शब्दांच्या मागे जगणे असते, आणि ते माहीत नसले तर शब्दकोश फार काही करू शकत नाही. म्हणून थोडे फिर्गजेच्या वर्षाविषयी. सासष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, नव्या भाताची पहिली कणसे पाद्री आशीर्वाद देऊन कापतो. ताळगावात ते २१ ऑगस्टला. त्याच सुमारास, चवथीच्या दिवसांत, शेजारच्या हिंदू घरांत ‘नवे’ होते आणि दारावर कणसांचे तोरण लागते. शेत एकच, पाऊस एकच, धान्य घरात आणण्याआधी ते देवापुढे ठेवायचे ही भीड एकच. मे महिन्यात वाड्यावाड्यातल्या खुरसापाशी लादीन होते. लॅटिनमधली स्तवने, बरोबर व्हायोलिन, मेस्त एक ओळ म्हणतो आणि जमलेले लोक उत्तर देतात. संपल्यावर द्रोणात उकडलेले चणे आणि मोठ्यांना घोटभर फेणी. ज्यांना त्या लॅटिनचा एक शब्दही कळत नाही अशा म्हाताऱ्या ती सगळी पाठ म्हणतात. सायबीण घरोघर फिरते, आज या घरी, उद्या शेजारच्या, आणि ज्या घरी ती रात्र काढते तिथे वाड्यातली सगळी माणसे तेर्सासाठी येतात. वर्षभर ज्यांच्यात अबोला असेल त्यांनाही त्या रात्री एकमेकांच्या पडवीत यावे लागते. या प्रथेची ही बाजू कुठल्या ग्रंथात लिहिलेली मला आढळली नाही, पण वाड्यातला कुणीही ती सांगेल.

हे सगळे गोड चित्र आहे आणि ते अपुरे आहे. सासष्टीच्या गावांत धर्म बदलला, गावकी बदलली नाही. जमीन सामाईक धरणारी गांवकरी, तिचे वांगड, वांगडांचा मान, हे पोर्तुगीजांनी कोमुनिदाद या नावाने तसेच चालू ठेवले, आणि तिच्या पैशातून इगर्ज्यांचा आणि फेस्तांचा खर्च निघू लागला. इगर्जीत कोंफ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, स्थापन झाले. पुर्सांवात कुणाच्या खांद्यावर तांबडी मुर्सा आणि कुणाच्या निळी, मोठ्या फेस्ताचा प्रेझेंत कोण, छत्र कुणी धरायचे, यात जात नीट मोजलेली असे. पाणी डोक्यावर पडले म्हणून ब्राह्मण चाड्डी झाला नाही आणि चाड्डी शूद्र झाला नाही. मुंडकार फेस्ताला येत, पण मागे उभे राहत. हे भांडण अनेक गावांत विसाव्या शतकातही चालू होते आणि काही गावांत अजून मिटलेले नाही. पुराणातला तो प्रश्न विचारणारा ब्राह्मणच का आहे, दुसरा कुणी का नाही, हे विद्यार्थ्याला या माहितीशिवाय समजत नाही. स्टीफन्सनी ज्यांचे कान आधी मिळवायचे ठरवले ते गावचे मानकरी होते. ज्यांना आधी पुराण वाचायची मुभाच नव्हती अशी माणसेही त्याच इगर्जीत बसून आता ते ऐकू शकत होती, हेही तितकेच खरे आहे. तेवढ्यापुरती ओवी सर्वांची झाली.

ऐकणे हा या ग्रंथाचा जीव आहे. १६१६ साली तो रायतूरला छापला गेला, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापला गेला. एका फिर्गजेपुरते असलेले पुस्तक चाळीस वर्षांत तीनदा छापावे लागते याचा अर्थ ते वापरून झिजत होते. या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. रविवारी आणि सणासुदीला इगर्जीत त्याचे वाचन होत असे. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७५९ साली जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून घालवून दिले. त्यानंतर पुराण टिकले ते हस्तलिखितांत, विशेषतः दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूला गेलेल्या गोवेकर कॅथलिकांच्या घरांत. तिथूनच १९०७ साली जोसेफ साल्दान्हा यांनी मंगळूरला त्याची छापील आवृत्ती काढली, रोमन लिपीत. नागरीतली बंडेलू यांची आवृत्ती आली १९५६ साली.

रोमन लिपीचे काय करायचे, हा शिकवणाऱ्यापुढचा मोठा पेच. रायतूरच्या छापखान्यात नागरी खिळे नव्हते म्हणून स्टीफन्सनी मराठी रोमन अक्षरांत उतरवली आणि त्यासाठी शिस्तशीर पद्धत बसवली. ट, ड, ण या मूर्धन्य वर्णांसाठी ते रोमन अक्षर दोनदा लिहितात, श-साठी एक्स वापरतात. मराठीचा विद्यार्थी ते पान पाहून घाबरतो आणि नागरी आवृत्तीकडे पळतो. पण गोव्यातले कॅथलिक कुटुंब आजही कोकणी प्रार्थना रोमीतच वाचते, आणि ‘वावराड्यांचो इश्ट’ या १९३३पासून निघणाऱ्या साप्ताहिकाचे नाव पाहिले तर त्यात ड दोनदा, ट दोनदा आणि श-साठी एक्स. इतक्या वर्षांनी पद्धत तीच.

यावरून मी वर्गात एक गोष्ट करून पाहिली. इगर्जीच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या एका वयस्क मेस्तांना विनंती करून वर्गात बोलावले आणि साल्दान्हांच्या आवृत्तीतले दुःखसहनाच्या प्रसंगाचे एक पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मराठीचे एकही पुस्तक आयुष्यात वाचलेले नव्हते. ते न अडखळता वाचू लागले. दोन-तीन ओव्यांनंतर त्यांचा आवाज आपोआप उपवासाच्या दिवसांतल्या चालीवर गेला, तीन यमके जुळून येत आणि चौथा चरण जिथे सुटतो तिथे ते बरोबर थांबू लागले. ‘जया’, ‘तेणें’, ‘देखोनि’ अशा रूपांचा अर्थ त्यांना लागत नव्हता. तो मुले सांगत होती. मुलांना उच्चार, थांबे आणि धार्मिक शब्द लागत नव्हते, ते मेस्त सांगत होते. अशा प्रकारे तासाभरात एकवीस ओव्या झाल्या. नागरी आवृत्ती घेऊन, टिपा पाहत, मी एकट्याने कधी इतक्या केल्या नव्हत्या. मधेच मेस्तांनी विचारले, “सर, हें कोकणी म्हणपाचें काय मराठी?” मी म्हटले, ग्रंथकाराने ‘मराठी’ म्हटले आहे, बामणी बोलीतले शब्दही घेतल्याचे सांगितले आहे. ते म्हणाले, “म्हज्या आजयेक समजलें आसतें.” आणि पुढची ओवी सुरू केली.

हा प्रश्न गोव्यात निर्धास्तपणे विचारता येत नाही, हे या वार्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. १९८७च्या राजभाषा कायद्यात नागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराची सोय राहिली, रोमीला जागा मिळाली नाही. त्याच्या आधीची आणि नंतरची भांडणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यात ख्रिस्तपुराण दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून पुढे केले गेले. मराठीवाले म्हणाले, पाहा, कॅथलिकांचे आद्य पुराण मराठीत आहे. कोकणीवाल्यांनी दाखवले की त्याच स्टीफन्सनी दोतोर्न लिहिली ती कोकणीत, १६२२ साली ती छापली गेली, आणि १६४० साली छापलेले त्यांचे व्याकरण हेही कोकणीचेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यात विरोध दिसत नाही. एकाच फिर्गजेत मुलाला शिकवायची भाषा वेगळी होती आणि पुराण ऐकायची वेगळी. आपल्या गावांत आजही बाजारात बोलायची, भजनात गायची आणि पत्र लिहायची भाषा एक नसते. भाषेचा दावा लावताना पुराण वाचायचेच राहून गेले, ही माझी तक्रार आहे, आणि ती मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांविषयी जास्त आहे, कारण ग्रंथ आपला म्हणायचा आणि तो जिथे वाचला गेला त्या इगर्जीची पायरी चढायची नाही, असे आपण करत आलो.

वेळ फार नाही. शहरी फिर्गजांत इंग्रजी मिस्सेला गर्दी वाढते आहे, मुलांची दोतोर्नही अनेक ठिकाणी इंग्रजीत होते. सोडवणदार या शब्दाच्या जागी रिडीमर येईल, आणि मग आमच्या विद्यार्थ्याला तो शब्द समजावून द्यायला फिर्गजेत कुणी उरणार नाही. ज्यांना लादिनीची चाल येते असे मेस्त आज सत्तरीच्या पुढचे आहेत. सासष्टी आणि बारदेशातल्या मराठी विभागांना हे काम जवळचे आहे. एका सत्रात एक अवस्वरू पुरे. रोमन पान, नागरी पान आणि इगर्जीतला एक वाचणारा, एवढेच लागते. दुसऱ्या पुराणाने सुरुवात करावी, कारण त्यातले प्रसंग वाचणाऱ्याला आधीच माहीत असतात, आणि उपवासाच्या दिवसांत मेस्तांना सवड कमी असते, म्हणून तास पावसाळ्यात ठेवावेत.